गणपूर्ती: शब्द सभेचा, काम सर्व्हरचे

एकच काम अनेक सर्व्हरनी मिळून चालवायचे आणि त्यांतला एक बंद पडला की दुसऱ्याने ते उचलायचे, अशा जुळणीला क्लस्टर म्हणतात आणि काम उचलण्याला फेलओव्हर. प्रत्येक सर्व्हर ठरावीक अंतराने इतरांना आपण जिवंत असल्याचा निरोप देतो, हा हार्टबीट. १९७६ पासून विकल्या गेलेल्या टँडेम कंपनीच्या नॉनस्टॉप यंत्रांत प्रोसेसर एकमेकांना असे निरोप देत असत.

निरोप थांबला म्हणजे सर्व्हर बंदच पडला असे मात्र नाही. मधली वायरही तुटलेली असू शकते. मग दोन्ही बाजू जिवंत असूनही एकमेकींना मेलेल्या समजतात, एकाच डिस्कवर आपापले लिहू लागतात आणि माहितीची पार नासाडी होते. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. उपाय मतमोजणीचा आहे. ज्या गटाकडे एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते असतील त्यानेच काम चालवायचे, उरलेल्यांनी आपण होऊन थांबायचे. पाच मतांत तीन हवीत. या किमान संख्येला कोरम म्हणतात. आपल्याकडे सभेच्या सूचनेत तिचे नाव गणपूर्ती असते.

कोरम हा लॅटिन शब्द, अर्थ ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडमध्ये शांतता-न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या सनदेत आधी सगळ्यांची नावे येत आणि मग, ज्यांच्यापैकी अमुक एकजण हजर हवाच, अशा अर्थाचे कलम येई. म्हणजे मूळ कोरम ही संख्या नव्हे. ज्याच्यावाचून काम पुढे जात नाही असा नाव घेऊन सांगितलेला माणूस. संख्येचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

गणपूर्तीचे कूळ वेगळे आहे. पाली विनयपिटकातल्या महावग्गात ‘गणपूरक’ हा शब्द येतो. वर्षावासात भिक्खूने जागा सोडायची नाही. पण कुणाची उपसंपदा, म्हणजे संघातली पूर्ण दीक्षा, व्हायची असेल तर तिथे जाऊन आपण गणपूरक होऊ, या हेतूने तो सात दिवसांपर्यंत बाहेर जाऊ शकतो. काशीप्रसाद जायसवालांनी ‘हिंदू पॉलिटी’ (१९२४) या ग्रंथात गणपूरक म्हणजे सदस्यांना गोळा करणारा प्रतोद, असा अर्थ लावला. हा अर्थ ओढूनताणून काढलेला वाटतो. इथला भिक्खू कुणाला बोलवायला निघालेला नाही, स्वतः संख्येत बसायला निघाला आहे. प्रतोदाचे काम त्याच्या गळ्यात बांधावे असे त्या प्रसंगात काही नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत बौद्ध संघांच्या सभानियमांची यादी सांगितली. तीत गणपूर्ती आणि प्रतोद या दोन वेगळ्या बाबी होत्या. ती वाटणीच योग्य आहे.

महावग्गात संघकर्मासाठी, म्हणजे संघाच्या औपचारिक निर्णयांसाठी, चार, पाच, दहा आणि वीस भिक्खूंच्या पायऱ्या आहेत. त्याहून मोलाची आहे ती कोणाला मोजायचे नाही याची यादी. तीत संघाने आखलेल्या सीमेबाहेर उभा असलेला भिक्खू आहे, ऋद्धीच्या बळावर आकाशात तरंगणाराही आहे आणि ज्याच्याविरुद्ध कर्म चालले आहे तो स्वतःही आहे. क्लस्टरची नियमावली नेमकी इथेच आठवते. तुटलेल्या वायरपलीकडचा सर्व्हर कितीही जिवंत असला तरी त्याचे मत अलीकडे मोजत नाहीत आणि ज्याला बाहेर काढायचे त्याला त्या निर्णयात विचारत नाहीत.

मात्र विनयाची संख्या ठरीव आहे, बहुमताची नाही. एका विहारात चाळीस भिक्खू असले तर चार-चारांचे दहा गट पडू शकतील. ती फूट विनय सीमेने अडवतो. सीमेतल्या प्रत्येकाने यायचे किंवा आपली संमती पाठवायची. गट फोडून केलेले कर्म बाद. संगणकाने हेच काम बहुमतावर सोपवले. एकाच माहितीच्या अनेक प्रती ठेवताना प्रतींच्या मतांना वजन देऊन डेव्हिड गिफर्डने १९७९ मध्ये हे सूत्र मांडले: वाचण्याचा कोरम आणि लिहिण्याचा कोरम यांची बेरीज एकूण मतांहून जास्त हवी. मग कोणताही वाचणारा गट घेतला तरी शेवटचे लेखन पाहिलेला निदान एकजण त्यात असतोच. लेस्ली लॅम्पोर्टचा पॅक्सॉस हा सर्व्हरमध्ये एकमत घडवणारा अल्गोरिदम तर एका ग्रीक बेटावरच्या, सदस्य सारखे ये-जा करणाऱ्या संसदेच्या रूपात १९९८ मध्ये छापून आला.

विनयातून हा नियम संगणकात उतरला, असे इथे म्हणायचे नाही. शब्द लॅटिनकडून आला. पण कोणाला मोजू नये हा प्रश्न ज्यांनी इतका बारकाईने सोडवला, त्यांच्याशी क्लस्टरचे नाते जास्त जवळचे आहे. लॅटिन अर्थही अगदी गेला नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये दोनच यंत्रे असली तर एका सामायिक डिस्कला मत देता येई. ही कोरम डिस्क ज्या यंत्राच्या हाती, त्याचे काम चालू. सनदेतला तो नाव घेऊन सांगितलेला माणूसच जणू.

सोसायटीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी भरते; तेव्हा बहुधा गणपूर्तीची अट नसते. लिनक्सवरच्या कोरोसिंक या क्लस्टर-प्रणालीत दोन यंत्रांसाठी अशीच सवलत आहे: एकच मत पुरते. पण तिच्यासोबत फेन्सिंग लागते, म्हणजे संशयित यंत्राची वीज आधी तोडायची आणि मगच त्याचे काम उचलायचे. शिवाय क्लस्टर नव्याने सुरू होताना दोन्ही यंत्रांनी एकमेकांना एकदा तरी पाहिल्याशिवाय काम सुरू होत नाही.