संत पर्पेतुआ : श्रद्धेची साक्ष

७ मार्च हा संत पर्पेतुआ व संत फेलिसिता यांचा स्मृतिदिन. इ. स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे त्यांनी हौतात्म्य पत्करले. सुमारे २२ वर्षांची कुलीन पर्पेतुआ तान्ह्या बाळाची माता होती. अटकेनंतर तिने स्नानसंस्कार स्वीकारला. बाळासाठी तरी श्रद्धा सोड, अशी वृद्ध पित्याने विनवणी केली. त्याच्या दुःखाने ती व्याकूळ झाली. तरीही ‘मी ख्रिस्ती आहे’ हेच तिने न्यायासनासमोर सांगितले. तुरुंगातील हे अनुभव तिने स्वतः लिहून ठेवले. रिंगणात जखमी झालेल्या दासी फेलिसिताला तिनेच हात देऊन उठवले.

श्रद्धा माया आटवत नाही, उच्चनीच भेद मात्र मिटवते. आप्तांच्या विरोधातही प्रेम न सोडता सत्य सांगण्याचे धैर्य आपण प्रभूकडे मागू या.