मरणाचा रस्ता आणि घोड्यावरचा बावटेवाला

कामाच्या निमित्ताने मध्यंतरी तीन महिने न्यू जर्सीत होतो. शनिवार उजाडला की ट्रेन पकडायची, न्यूयॉर्कात उतरायचं आणि पाय बोलायला लागेपर्यंत भटकायचं, एवढाच कार्यक्रम. अशाच एका शनिवारी 'हाय लाईन'वर जाऊन पोचलो. जुना मालगाडीचा पूल, आता त्यावर बाग केली आहे. रस्त्यापासून साधारण तीस फूट उंचावर, जुन्या रुळांच्या मधून गवत आणि फुलं, बाकांवर कॉफी पिणारी मंडळी. झकास प्रकार आहे.

पण माझं डोकं वेगळ्याच प्रश्नात अडकलं. मालगाडी मुळात एवढ्या उंचावर चढवली कशाला? खोलीवर येऊन वाचायला बसलो आणि रविवार त्यातच गेला. जे सापडलं ते बागेपेक्षा जास्त लक्षात राहिलं, म्हणून हा लेख.

तर गोष्ट सुरू होते १८४७ च्या सुमारास. हडसन रिव्हर रेलरोड या कंपनीला मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूने रूळ टाकायची परवानगी मिळाली. कुठे? तर सरळ रस्त्यावर! वरच्या भागात अकरावा ॲव्हेन्यू, खाली दहावा. कुंपण नाही, फाटक नाही. नदीकाठी धक्के, गोदामं, कत्तलखाने, कारखाने. सगळ्यांना माल हवा आणि रस्ता तयारच होता. त्या वेळी तिकडे वस्तीही विरळ. शहर पुढे वाढेल तेव्हा काय, हा विचार 'पुढच्या रिलीजला बघू' या खात्यात गेला असणार.

शहर वाढलंच. आयरिश आणि जर्मन स्थलांतरितांच्या चाळवजा इमारती रुळांना खेटून उभ्या राहिल्या. रस्ता हेच पोरांचं अंगण. त्यातून दिवसरात्र मालगाड्या. माणसं मरायला लागली आणि लोकांनी त्या रस्त्याला नाव ठेवलं 'डेथ ॲव्हेन्यू', मरणाचा रस्ता.

यावर शहराने काढलेला उपाय ऐकून हसू येतं. १८५० च्या दशकातच नियम झाला की गाडीच्या पुढे एक माणूस घोड्यावरून चालेल. दिवसा हातात लाल बावटा, रात्री लाल कंदील. गाडीचा वेग ताशी सहा मैल, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत. या स्वारांना पुढे 'वेस्ट साईड काउबॉय' म्हणायला लागले. भर न्यूयॉर्कात काउबॉय, आणि हाकतोय काय तर मालगाडी!

तुम्ही म्हणाल, एवढ्या हळू गाडीखाली माणूस येतो कसा? मलाही हाच प्रश्न पडला होता. मग आमच्या गावचं फाटक आठवलं. धोका फक्त वेगाचा नसतो. लांबलचक मालगाडी चौकात आडवी उभी राहते. पलीकडे शाळा, पलीकडे कामाची जागा, थांबणार किती वेळ? माणूस दोन डब्यांच्या मधून वाकून निघतो आणि नेमका तेव्हाच गाडीला हिसका बसतो. पोरं चालत्या डब्याला लटकतात. आणि घोडेस्वार असतो गाडीच्या पुढे. मागच्या विसाव्या डब्यापाशी काय चाललंय ते त्याला दिसणार कसं? उपाय इंजिनाचा होता, धोका पूर्ण गाडीचा होता.

आकडे बघा. १९०८ साली ब्युरो ऑफ म्युनिसिपल रिसर्च या संस्थेने हिशोब मांडला: १८५२ पासून ४३६ मृत्यू. दुसऱ्या एका अंदाजात १९१० पर्यंत ५४८ मृत्यू आणि १,५७४ जखमी. दोन वर्षांत शंभरावर माणसं गेली असा याचा अर्थ नाही. मोजणारे वेगळे, मोजायची पद्धत वेगळी. पण पन्नासेक वर्षं माणसं मरत होती आणि हिशोबाचा एक आकडासुद्धा सर्वमान्य नव्हता, हेच मला जास्त बोचलं. १९०८ मध्येच एक सात वर्षांचा मुलगा गाडीखाली गेला, तेव्हा सुमारे पाचशे शाळकरी पोरांनी रस्त्यावर मोर्चा काढला. पोरांनी!

आता खरी मेख. हे काम तंत्रज्ञान नाही म्हणून अडलं होतं का? मुळीच नाही. कमोडोर व्हँडरबिल्टने हीच रेल्वे ताब्यात घेऊन १८६९ साली न्यूयॉर्क सेंट्रलमध्ये विलीन केली. १८७१ मध्ये ग्रँड सेंट्रल डेपो उघडला आणि पॅसेंजर गाड्या तिकडे, चौथ्या ॲव्हेन्यूवर गेल्या. तिथेही रूळ जमिनीवर, तिथेही अपघात, तिथेही ओरड. पण तिथे १८७२ मध्ये काम सुरू होऊन दोन-तीन वर्षांत रूळ खाली खंदकात आणि बोगद्यात गेले. निम्मा खर्च शहराने उचलला, निम्मा कंपनीने. हाच रस्ता पुढे पार्क ॲव्हेन्यू म्हणून मिरवायला लागला.

म्हणजे शहर तेच, मालक तोच, इंजिनियर त्याच काळातले. एका बाजूला काही वर्षांत काम झालं आणि दुसऱ्या बाजूला आणखी साठ वर्षं घोडेस्वार फिरत राहिला. माझा अंदाज असा की पूर्वेकडच्या गाडीत तिकीट काढलेली माणसं बसलेली होती. पश्चिमेकडच्या गाडीत मांस, दूध आणि पिठाची पोती, आणि मरणारे रुळांकाठचे गरीब. शिवाय घोडेस्वार होताच की! 'काहीतरी केलंय' म्हणायची सोय. आमच्या धंद्यातही हे रोज बघतो. मूळ चूक तशीच ठेवून वर ठिगळ लावायचं, ठिगळ चाललं की मूळ दुरुस्तीचं बजेट दर वर्षी पुढे ढकललं जातं. फरक एवढाच की आमच्याकडे सहसा सर्व्हर मरतो.

१९०६ मध्ये राज्याने रूळ हटवायचा कायदा केला. त्यावरही वर्षानुवर्षं घोळ: पूल बांधायचा की बोगदा, पैसे कोणी द्यायचे, नदीकाठची जागा कोणाची. शेवटी १९२९ साली शहर, राज्य आणि रेल्वे यांच्यात करार झाला. तेरा मैलांचं काम, १०५ ठिकाणची रस्ता-रूळ गाठ सोडवली, आणि खर्च त्या काळचे पंधरा कोटी डॉलरहून जास्त. त्यातलाच हा उंच पूल, १९३४ साली रीतसर सुरू झालेला. गंमत म्हणजे तो ॲव्हेन्यूच्या डोक्यावरून न नेता इमारतींच्या ओळींमधून, काही ठिकाणी इमारतींच्या पोटातून नेला. नॅशनल बिस्किट कंपनीच्या कारखान्यात मालगाडी थेट वरच्या मजल्यावर शिरायची. बेल लॅब्जची इमारतसुद्धा रुळांनी अशीच आरपार भेदली होती. रस्त्यावर राहिलेले शेवटचे रूळ १९४१ मध्ये निघाले आणि त्या मार्चमध्ये शेवटच्या काउबॉयने शेवटची फेरी मारली. विमानं अटलांटिक ओलांडत होती तेव्हा, मंडळी!

पुढचं थोडक्यात. ट्रक आले, माल रस्त्याने जायला लागला, १९८० साली पुलावरून शेवटची गाडी गेली. पाडायचं घाटत होतं, तेवढ्यात १९९९ मध्ये दोन रहिवाशांनी 'फ्रेंड्स ऑफ द हाय लाईन' काढली आणि २००९ मध्ये बागेचा पहिला भाग उघडला. दक्षिणेचं मालाचं टर्मिनल २०२४ पासून गुगलचं ऑफिस आहे. म्हणजे शेवटी आमचेच भाऊबंद तिथे जाऊन बसले.

लांब कशाला जा? आपल्याकडे बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर लोकांना सावध करायला रेल्वेने 'गेट मित्र' नेमले होते. हातात बावटा, फक्त घोडा नाही. ब्रॉडगेजवरची अशी सगळी क्रॉसिंग २०१९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, हे मोठंच काम झालं. पण २०१२ मध्ये अनिल काकोडकर समितीने फाटकवाली आणि बिनफाटकाची, सगळीच क्रॉसिंग पाच वर्षांत काढा म्हणून सांगितलं होतं, अंदाजे पन्नास हजार कोटींत. त्याच अहवालात होतं की रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसं मरतात, त्यातली सहा हजार एकट्या मुंबईच्या लोकल मार्गांवर. दहाव्या ॲव्हेन्यूवर अर्ध्या शतकात गेली, त्याच्या दसपट एका वर्षात.

हे लिहिताना मला फार शहाणपणा करायचा हक्क नाही. कॉलेजात असताना पुलाचा वळसा टाळायला मीही रूळ ओलांडायचो. रोज. कोणीतरी ओरडायचं, आम्ही हसायचो. पूल होता, पण आमच्या वाटेवर नव्हता, आणि तो कुठे हवा हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

असो. न्यूयॉर्कला गेलात तर हाय लाईनवर जरूर जा. एकदा कठड्यापाशी उभं राहून खाली दहाव्या ॲव्हेन्यूकडेही बघा.