रंगपटाबाहेरचे लुगडे

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधीची गोष्ट. धाकट्या बहिणीला भाऊबीजेची साडी घ्यायची म्हणून आम्ही उभयता बेळगावच्या बाजारात एका कापडदुकानाच्या गादीवर बसलो होतो. गड्याने पुढ्यात इरकलींचा ढीग घातला होता. तेवढ्यात दारात हिरव्या साडीतली एक उंच व्यक्ती येऊन उभी राहिली. कपाळाला भंडारा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, हातात बांगड्या. परडी मात्र नव्हती, कापडी पिशवी होती. गल्ल्यावरच्या माणसाने वर न बघताच दोन रुपयांचे नाणे पुढे सरकवले.

"जोगवा नको अण्णा. साडी दाखवा. पैसे आणलोय."

परक्या वाचकाला यातल्या 'आणलोय'ने काही वेगळे कळेल असे वाटेल. पण आमच्या भागात घरोघरच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' असेच म्हणतात. भाषेने काही फोडले नव्हते. मला ओळखू आला तो आवाज. १९९९ साली आमच्या हायस्कूलच्या स्नेहसंमेलनात 'एकच प्याला'तला एक प्रवेश मीच बसवला होता. गावातले पालक मुलींना स्टेजवर पाठवायला तयार नव्हते, म्हणून नववीतल्या एका मुलाला सिंधू केले. ही तीच व्यक्ती. मी काय केले असेल? हातातल्या साडीचे काठ निरखीत राहिलो.

इतिहासाच्या मास्तरला लाज वाटली की तो पुस्तकांत तोंड लपवतो. त्यानंतरचे काही महिने मी तेच केले. पुरुषाने लुगडे नेसावे आणि समाजाने ते डोक्यावर घ्यावे, ही आपल्याकडे अगदी जुनी आणि प्रतिष्ठित गोष्ट आहे. मग दुकानाच्या पायरीवर तिचे काय होते, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

आपल्या सीमाभागाला तर या इतिहासात मानाचे पान आहे. संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८४३ साली त्यांचा जन्म तिथला आणि १८८५ साली मृत्यूही तिथलाच. १८८० साली पुण्यात त्यांचे 'शाकुंतल' उभे राहिले आणि १८८२ साली 'सौभद्र' आले. त्या 'सौभद्रा'ची सुभद्रा होते बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर. म्हणजे लेखक आमच्याकडचा, नायिका बडोद्याची, आणि दोघेही पुरुष. पुढे केशवराव भोसल्यांनी १९०८ साली 'ललितकलादर्श' स्थापन केली ती हुबळीला. चिकोडीचे विष्णुपंत पागनीस आधी स्त्रीपार्टी नट म्हणून गाजले आणि १९३६ साली 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा झाले. कालपर्यंत शालू नेसणाऱ्या या नटाच्या तुकोबांपुढे लोकांनी थिएटरात हात जोडले. 'अहो, हा तर बायकांची कामे करायचा' म्हणून कोणी नाक मुरडले नाही.

आणि मग नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९०५ साली मिरजेला किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर ते शकुंतला म्हणून प्रथम उभे राहिले, तेव्हा वय सतरा. १९११ ची भामिनी, १९१६ ची रुक्मिणी, १९१९ ची सिंधू. पदर कसा घ्यावा, अंबाड्यावर गजरा कुठे बसवावा, दागिने किती आणि कोणते घालावेत, हे महाराष्ट्रातल्या सुखवस्तू घरांतल्या बायका या पुरुषाकडे बघून शिकल्या. नाटक बघून आल्यावर आरशापुढे उभे राहून त्या त्याची नक्कल करीत. या नकलेची मला फार गंमत वाटते. पुरुषाने बाईची नक्कल करायची, आणि बाईने पुन्हा त्या नकलेची. घरंदाजपणाचा नमुना म्हणून एका पुरुषाला मान्यता मिळाल्याचे दुसरे उदाहरण शोधूनही चटकन सापडायचे नाही. नवरे-सासरेही यावर रागावले नाहीत. उलट तिकिटाला पैसे दिले.

परंतु ही मान्यता कशावर उभी होती तेही पाहिले पाहिजे. कुलीन बाईने रंगमंचावर पाय ठेवायचा नाही, या बंदीवर ती उभी होती. बाईला दार बंद म्हणून पुरुषाला लुगडे. १९१३ साली दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढायला निघाले, तर तारामतीला बाई मिळेना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके तारामती झाला. १९१७ च्या 'लंकादहना'त तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. वडील हयात असताना मिशी उतरवायची कशी, या पेचात त्या काळचे नट सापडत, असे सांगतात. गावाकडच्या नाटकांत हा पेच अगदी माझ्या लहानपणापर्यंत होता. सीतेच्या ओठावर पावडरीचे थर देऊन मिशी झाकलेली मी पाहिली आहे. सुतकाशिवाय मिशी काढायची नाही, पण साडी खुशाल नेसायची! समाजाची रेघ कुठे असते ते अशा ठिकाणी दिसते.

दुसरे असे की ही मान्यता रंगपटाच्या दारापर्यंतच होती. पडदा पडला की नारायणराव पुरुषी वेशात बाहेर येत, आणि लोकांना तेच हवे होते. रंगमंचाचे अंतर, दिव्यांचा उजेड, ऑर्गनची साथ आणि ते गाणे, एवढ्या सगळ्याच्या चौकटीत तो शालू शोभत होता. चौकट जरा हलली की काय होते ते त्यांनाही कळले. १९३७ साली 'साध्वी मीराबाई' या बोलपटात ते मीरा म्हणून कॅमेऱ्यासमोर आले. कॅमेरा जवळ जातो. ज्या प्रेक्षकांनी दुरून सिंधूसाठी पदर ओले केले होते, त्यांना जवळून मीरा पटली नाही.

माझ्या टिपणवहीत १९१९ या सालापुढे दोन नोंदी आहेत. त्या वेगवेगळ्या वेळी केल्या होत्या. पहिली अशी की, २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला गंधर्व मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. लेखक राम गणेश गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला, वारले होते. फाटक्या लुगड्यातली सिंधू पाहून प्रेक्षागृह रडले. दुसरी नोंद निजामाच्या हैदराबादची. १३२९ फसली, म्हणजे याच १९१९ साली, तिथे एक कायदा झाला. त्यात हिजड्यांची नोंदवही ठेवायची होती. नोंद झालेली व्यक्ती बायकी कपडे वा दागिने घालून रस्त्यात दिसली, तर तिला वॉरंटाशिवाय पकडता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद ठोठावता येई. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात उत्तर हिंदुस्थानासाठी हेच कलम घातले होते. निजामाच्या सरकारने ते जवळजवळ तसेच उचलले.

एका शहरात लुगड्यातल्या पुरुषासाठी अश्रू आणि दुसऱ्यात बेड्या, तेही एकाच वर्षात. फरक लुगड्याचा नव्हताच. बडोद्याचे लुगडे रात्री उतरवले जाणार होते, आणि हैदराबादचे उतरणार नव्हते. हैदराबादचा तो कायदा निजाम गेला, भाषावार राज्ये झाली, आंध्रातून तेलंगण वेगळे झाले तरी पुस्तकात तसाच होता. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला २०२३ च्या जुलैत.

बायका रंगभूमीवर आल्या, हीराबाई बडोदेकर आल्या, १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'ने नवे वारे आणले, आणि एका पिढीत स्त्रीपार्टी नट संपला. हे व्हायलाच हवे होते. आज दशावतारात तेवढे ते काम उरले आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री लोक पुरुष नटाच्या राणीला अजून दाद देतात. पण बाकी ठिकाणी एक प्रतिष्ठेचे दार होते तेही बंद झाले. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला तर ती प्रतिष्ठा कधीच आली नाही. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत नाच्या असा उभा केला की लोक हसून लोटपोट झाले. मग तेच लोक त्या भूमिकेचा संशय घेऊन त्यांच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. बायको-मुलांचा संसार करणाऱ्या या गुणी नटाला आयुष्यभर ते सोसावे लागले. टाळी आणि टोमणा एकाच हाताने देण्यात आपण पटाईत आहोत.

आमच्या जिल्ह्यात मात्र दुसरी एक चौकट फार जुनी आहे. ती सौंदत्तीच्या डोंगराची. मार्गशीर्षाच्या आणि माघाच्या पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर जी यात्रा भरते, तिला कानडी-मराठी असा भेद नाही. आमच्या गावाहून आजही लोक 'उदे गं आई उदे' म्हणत ट्रॅक्टर भरून जातात. तिथे देवीला वाहिलेले पुरुष लुगडे नेसतात, डोक्यावर जग घेतात, चौंडक्यावर गातात. कानडीत त्यांना जोगप्पा म्हणतात, आपल्याकडे जोगता. मंगळवारी-शुक्रवारी ते दारात आले की घरातली म्हातारी सुपात पीठ-मीठ आणते, परडीत घालते, आणि त्यांच्या पाया पडते. माझी आजीही पडत असे. तिला त्यात वावगे काही दिसत नव्हते. देवीने ज्याला लुगडे दिले त्याला आपण कोण विचारणार, एवढाच तिचा हिशेब.

काही अभ्यासू मित्र याचे फार कौतुक करतात, आपली परंपरा किती उदार म्हणून. मला ते अर्धेच पटते. डोक्यात जट आली म्हणून पोरांना डोंगरावर सोडण्याची चालही याच परंपरेची. त्यातल्या मुलींचे पुढे काय होई ते सगळ्यांना ठाऊक होते. कर्नाटकाला त्यासाठी १९८२ साली देवदासी-बंदीचा कायदा करावा लागला. राजन गवसांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' लिहून हे जग आपल्यापुढे ठेवले, २००९ साली 'जोगवा' चित्रपट आला, तेव्हा पांढरपेशांना ते दिसले. शिवाय पाया पडणारी माझी आजी जोगत्याला ओसरीच्या आत घेत नसे. त्याच्या शापाची तिला भीती होती. भीतीपोटी दिलेल्या पिठाला मी मान्यता म्हणायला कचरतो. पण हैदराबादच्या नोंदवहीपेक्षा ते पीठ बरे होते, हेही कबूल केले पाहिजे. त्याने माणूस जगत होता, आणि गावात राहत होता.

याच चौकटीतून बल्लारी जिल्ह्यातल्या मंजम्मा जोगती वर आल्या. मुलगा म्हणून जन्मल्या, घरच्यांनी देवीला वाहिले, भीक मागून दिवस काढले, जोगती नृत्य शिकल्या. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या. त्यांना जाहीर झालेली पद्मश्री नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात स्वीकारताना त्यांनी आपल्या साडीच्या पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ते दृश्य दूरदर्शनवर पाहताना आमच्या स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. २०१९ च्या कायद्याने शाळेत, नोकरीत, इस्पितळात आणि माल वा सेवा देताना भेदभाव करायचा नाही असे लिहिले. माल देताना, म्हणजे साडी दाखवतानाही. कायद्याचे पुस्तक आता त्या पायरीपर्यंत आले आहे. पायरीच्या आत गादी असते आणि गादीवर आमच्यासारखी माणसे बसलेली असतात.

तर त्या दुपारकडे परत येतो. नाणे परत सरकवले गेले होते. गडी मालकाकडे बघत होता, मालक पंख्याकडे. आमच्या शेजारी बसलेल्या दोघी बायकांनी आपल्या पिशव्या जवळ ओढल्या. "इथं तुमच्या जोगं काही नाही, पुढच्या दुकानात बघा," असे मालक म्हणाला. आवाज चढवला नव्हता. माझ्याकडे पाहून तो थोडासा हसला, जणू मास्तरांना अवघडायला नको म्हणून तोही झटत होता. मला एक वाक्य बोलता आले असते. 'माझा विद्यार्थी आहे' म्हणायचे की 'विद्यार्थिनी', एवढ्यावर मी अडलो. असे मी नंतर स्वतःला सांगितले. खरे म्हणजे दुकानात ओळखीची आणखी माणसे होती.

बोलली ती आमची ही. तिने चष्मा वर केला, जरा वेळ निरखले आणि विचारले, "सिंधूचं काम केलेलास ते तूच काय रे? माझं जांभळं लुगडं नेसून?"

"होय काकू. तुम्हीच नेसवलासा."

"निऱ्या तुला तेव्हाही माझ्यापेक्षा बऱ्या यायच्या. ये, बस." तिने ढीग बाजूला करून गादीवर जागा केली आणि गड्याला म्हणाली, "त्या वरच्या कप्प्यातल्या काढ बघू. हिला गर्द रंग शोभतो."

'रे'वरून 'हिला'वर ती दोन वाक्यांत आली. मी एम. ए. झालेला माणूस अजून रेघेवरच उभा होतो. गड्याने शिडी लावली. डाळिंबी रंगाची एक इरकल पसंत पडली, साडेअकराशेची. पैसे मोजून झाल्यावर तिने वाकून आधी हिला नमस्कार केला आणि मग मला. "सर, बरे आहात न्हवं?" एवढेच विचारले. मी मान हलवली.

मालकाने पावती केली. नाव काय लिहू म्हणून विचारले, तेव्हा तिने जे नाव सांगितले ते आमच्या हजेरीपटावरचे नव्हते. त्याने ते लिहिले.