किलोचा भाव आणि खर्चाचा माग

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचा दर विचारला की उत्तर बहुतेक वेळा किलोत मिळतं. भाग ट्रॅक्टरचा असो, पंपाचा असो की ट्रकचा, किलोला इतके रुपये आणि पॅटर्नचे, म्हणजे साच्याच्या नमुन्याचे, वेगळे. ही रीत इतकी मुरलेली आहे की तिच्यामागे हिशेबाचा एक सिद्धान्त दडलेला आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तो सिद्धान्त असा: खर्च वजनाच्या प्रमाणात वाढतो.

एके काळी ते बऱ्यापैकी खरंही होतं. कोल्हापूरचं इंजिनिअरिंग उसाच्या शेतातून वर आलं. नदीचं पाणी उपसायला ऑइल इंजिन आणि पंप हवेत, ऊस गाळायला चरक हवा, आणि मोडलेला भाग तिथल्या तिथे ओतून द्यायला भट्टी हवी. उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी ही गरज भागवली. भट्टीत जाणारं पिग आयर्न, स्क्रॅप, कोक सगळं वजनावर विकत यायचं, मग तयार बीडही वजनावर विकलं जायचं. शाहूपुरीच्या पेठेत गुळाचे रवे तोलणाऱ्या गावाला यात वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं. भाग जाड, बोजड आणि साधे होते, आणि खर्चात मोठा वाटा धातूचाच होता.

पुढे उद्यमनगर अपुरं पडू लागलं आणि कारखानदारी पंचगंगेपलीकडे, महामार्गालगत पुलाच्या शिरोलीला पसरली. मेनन पिस्टन्स इथली. वर्तमानपत्रं छापणारी अजस्र यंत्रं मनुग्राफने इथेच बांधली. फाउंड्र्यांत क्युपोलाशेजारी इंडक्शन फर्नेस आली आणि कोकच्या बिलाची जागा विजेच्या बिलाने घेतली. वाहन कंपन्यांचे भाग पातळ भिंतींचे, आत कोअर (पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) बसवायचे आणि मोजमापाला काटेकोर. त्यांत धातू कमी आणि उस्तवारी जास्त. किलोचा भाव मात्र तसाच राहिला.

याने काय बिघडतं? समजा, एका फाउंड्रीत महिन्याला ४० किलोची साधी काउंटरवेट १०० नग निघतात आणि ४ किलोचे कोअरवाले ब्रॅकेट २५० नग. एकूण माल ५,००० किलो. कोअर, फेटलिंग (कास्टिंगची घासून सफाई) आणि तपासणी यांचा खर्च ५०,००० रुपये. किलोवर वाटला तर प्रत्येक किलोला १० रुपये बसतात, म्हणजे काउंटरवेटवर ४०,००० आणि ब्रॅकेटवर १०,०००. पण प्रत्यक्षात ब्रॅकेटनेच ३०,००० खाल्ले असतील, तर खरा आकडा काउंटरवेटला किलोमागे ५ आणि ब्रॅकेटला ३० निघतो. मालक काउंटरवेटचा दर विनाकारण चढा सांगतो आणि ती ऑर्डर शेजारी नेतो. ब्रॅकेटची ऑर्डर त्याला हमखास मिळते, आणि तीच त्याला खाते.

हे दुखणं एकट्या शिरोलीचं नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या जॉन डीअर कंपनीच्या सुटे भाग करणाऱ्या कारखान्याला १९८०च्या दशकात हाच अनुभव आला. मोठ्या संख्येच्या भागांच्या निविदा हातून जायच्या आणि किरकोळ संख्येच्या मिळायच्या. रॉबर्ट कॅप्लन आणि आर्टेमिस मार्च यांनी त्यावर लिहिलेली केस हार्वर्डमध्ये गाजली आणि त्यातून कामागणिक खर्च मोजण्याच्या पद्धतीचा बोलबाला झाला. कल्पना मात्र जुनीच होती. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्रज अभियंत्याने १९०१ मध्येच प्रत्येक यंत्राला स्वतंत्र दुकान समजून त्याचं भाडं त्यावरच्या कामाला लावावं, असं मांडलं होतं.

१९६२ हे साल इथे गमतीचं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. त्याच वर्षी, पुढे स्टॅनफर्डला गेलेल्या चार्ल्स हॉर्नग्रेन यांचं कॉस्ट अकाउंटिंगवरचं पाठ्यपुस्तक निघालं. त्या पुस्तकाचे आजचे पहिले लेखक श्रीकांत दातार हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, चार्टर्ड अकाउंटंट, आणि अहमदाबादच्या आयआयएममधून पुढे गेलेले. स्टॅनफर्डमधून त्यांनी १९८५ मध्ये डॉक्टरेट घेतली, कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्डमध्ये शिकवलं, १९९६ मध्ये ते हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये आले आणि १ जानेवारी २०२१ रोजी तिथले अधिष्ठाता झाले. आपल्याकडे बातमी झाली ती या पदाची. त्यांच्या संशोधनाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, आणि शिरोलीच्या कामाचं तर तेच आहे.

राजीव बँकर आणि सुंदर केक्रे यांच्यासोबत त्यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की आधीच भरत आलेल्या लाइनवर नवा माल घेतला तर त्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या मजुरी-सामानापुरता राहत नाही. रांग वाढते, अर्धवट माल साचतो आणि आधीच्या ऑर्डरीही रखडतात. १९९३च्या निबंधात त्यांनी सहकाऱ्यांसह मोटारींचे दिवे करणाऱ्या कारखान्याचे आकडे तपासले. देखरेख, दुरुस्ती, दर्जा तपासणी आणि भंगार हे खर्च एकमेकांत गुंतलेले असतात आणि एकेकटे मोजले तर फसवतात, हा त्याचा रोख. तपासणी वाचवली की रिजेक्शन वाढतं, हे फाउंड्रीतला कुठलाही सुपरवायझर सांगेल. दातारांनी ते आकड्यांत पकडण्याची रीत दिली.

बँकर आणि दातार यांचा १९८९चा निबंध गणिताने जड आहे, पण प्रश्न साधा: माणसाचं काम कशावरून जोखायचं? उत्तर असं, की जो आकडा त्याच्या मेहनतीने जास्त हलतो आणि योगायोगाने कमी हलतो, त्याला जास्त वजन द्यावं. मोल्डरला नुसत्या टनेजवर इनाम देणाऱ्या मालकाने हे वाक्य शॉपमध्ये लिहून ठेवावं.

अलेक्झांडर चर्चने बंद यंत्राचा खर्चही वेगळा काढायला सांगितलं होतं. ऑगस्ट २०१९च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक कित्येक दिवस थांबली. असं झालं तरी कर्जाचे हप्ते आणि विजेचा स्थिर आकार चालूच राहतात. हा खर्च पुढच्या महिन्याच्या किलोत मिसळला, तर पुराचा भुर्दंड कास्टिंगच्या खर्चात लपतो.

कॉस्टच्या नोंदी ठेवण्याची कायद्याची सक्ती ठरावीक उद्योगांतल्या आणि ३५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांपुरती आहे. छोट्या फाउंड्रीला ती लागू नाही, आणि लागू करून फार साधेल असंही नाही. करायचं काम लहान आहे: प्रत्येक पॅटर्नचं रिजेक्शन, कोअरचा वेळ आणि फेटलिंगचे तास एका वहीत लिहायचे. शिवाजी विद्यापीठात वाणिज्यात पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्यांनी पंचगंगा ओलांडून अशा वह्या मागाव्यात, आणि मालकांनी त्या द्याव्यात.