गोनोडॅक्टिलॅसियस फाल्केटस

तांबड्या समुद्रापासून हवाई बेटांपर्यंत प्रवाळखडकांच्या भोकांत राहणारी, बोटाएवढ्या लांबीची मँटिस कोळंबी. ‘कोळंबी’ हे केवळ व्यवहारातले नाव. पुढच्या पायांची दुसरी जोडी प्रार्थनाकीटकासारखी दुमडून छातीशी धरते आणि दिसायला कोळंबीसारखी असते, म्हणून तसे म्हणायचे. खऱ्या कोळंब्या डेकापोडा गणातल्या, तर ही स्टोमॅटोपोडा गणातली. तिचा उपवर्ग (हॉप्लोकॅरिडा) वेगळा आहे आणि कुल गोनोडॅक्टिलिडी. या कुलातले प्राणी भक्ष्याला भोसकत नाहीत, ठोसा मारतात. शिकारी पायाचे शेवटचे पेर बुडाशी गाठीसारखे फुगलेले असते. हे पेर मिटलेले ठेवून त्या गाठीच्या हातोड्याने गोगलगायीचा शंख किंवा खेकड्याचे कवच फोडले जाते.

शास्त्रीय नावापुढे ‘(फोर्स्कोल, 1775)’ असे लिहितात. नाव कंसात असण्याला अर्थ आहे. ज्याने जातीचे वर्णन केले त्याने ती दुसऱ्या प्रजातीत घातली होती आणि पुढे ती हलवली गेली, एवढे तो कंस सांगतो. पीटर फोर्स्कोल हा लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने 1761 मध्ये अरबस्तानकडे धाडलेल्या मोहिमेत तो निसर्गवैज्ञानिक होता. तांबड्या समुद्रातल्या या प्राण्याला त्याने ‘कॅन्सर फाल्केटस’ म्हटले. ‘कॅन्सर’ या नावाच्या पोत्यात तेव्हा खेकडे, शेवंडे, कोळंब्या सगळेच कोंबले जात. ‘फाल्केटस’ म्हणजे विळ्यासारखा. हे वर्णन ज्यात छापले गेले ते पुस्तक मात्र फोर्स्कोलने पाहिले नाही, कारण जुलै 1763 मध्ये येमेनमध्ये हिवतापाने त्याचा मृत्यू झाला. त्याची टिपणे छापून आणली ती सहकारी कार्स्टन नीबूरने. सहा जणांच्या तुकडीतला तोच एकटा जिवंत परतला. परतीच्या वाटेवर 1763-64 मध्ये तो मुंबईत राहिला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे व चित्रे त्याने तेव्हाच केली. त्या लेण्यांच्या इतिहासात भेटणारा नीबूर तो हाच.

फाल्केटसचा पुढचा प्रवास नावांच्या गुंत्याचा आहे. 1827 मध्ये बर्टहोल्डने ‘गोनोडॅक्टिलस’ ही प्रजाती स्थापली आणि ठोसा मारणाऱ्या बहुतेक लहान जाती पुढे तिच्यात जमा झाल्या. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सागरी मोहिमेत मिळालेल्या नमुन्यांवरून ब्रुक्सने 1886 मध्ये ‘ग्लॅब्रस’ ही जात वर्णिली. ती बराच काळ फाल्केटसशी एकच धरली जाई, आता वेगळी मानतात. अशी गल्लत होण्याचे कारण समजण्याजोगे आहे. हे प्राणी ओळखण्याची मुख्य जागा म्हणजे शेपटीचा शेवटचा तुकडा, टेल्सन. त्यावरचे उंचवटे किती, त्यांची जाडी किती, कडेचे काटे कसे, हे सूक्ष्मदर्शकाखाली ताडावे लागते, आणि हे उंचवटे वयाप्रमाणे थोडेफार बदलतात. जिवंतपणी रंगाची मदत होते. शिकारी पायाच्या आतल्या बाजूचा ठिपका तर धाक दाखवताना मुद्दाम पुढे केला जातो. पण मद्यार्कात ठेवल्यावर रंग उडून जातात. संग्रहालयातल्या बरणीत शेवटी फिकट पिवळसर काडीच उरते, आणि शंभर वर्षे वर्गीकरण झाले ते अशाच काड्यांवर.

1995 मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या रेमंड मॅनिंग यांनी व्हिएतनाममधल्या संग्रहाचा अभ्यास प्रसिद्ध करताना जुनी प्रजाती फोडली आणि ‘गोनोडॅक्टिलॅसियस’ ही नवी प्रजाती मांडली. मॅनिंग तुकडे पाडण्याच्या बाजूचे होते, पश्चिम प्रशांतातले प्राणी त्यांनी ‘म्युटॅटस’ या नावाखाली निराळे ठेवले. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जातींची फेरतपासणी करताना शेन आह्यॉंग यांनी उलट दिशा घेतली आणि म्युटॅटससह अनेक नावे फाल्केटसमध्ये मिळवली. आज सर्वसाधारणपणे हीच मांडणी मानली जाते. प्रसाराचा नकाशा या निवाड्यावरच उभा आहे. मॅनिंगचे मत धरले तर फाल्केटस पश्चिमेकडची जात ठरते, आह्यॉंगचे धरले तर तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून हिंदी महासागर ओलांडून ऑस्ट्रेलिया, व्हिएतनाम, तैवान, जपान आणि हवाईपर्यंत एकच जात पसरलेली दिसते.

एवढा पल्ला गाठणे या प्राण्याला अवघड नाही. प्रौढ घर सोडून फारसा हिंडत नाही. मेलेल्या प्रवाळाच्या ढेकळातले एक भोक धरून बसतो आणि दुसरा कोणी आत घुसू लागला तर अंगाचे वेटोळे करून टेल्सन ढालीसारखे तोंडाशी धरतो. मग ठोसे त्या ढालीवर पडतात. डिंभ मात्र पारदर्शक असतात आणि कित्येक आठवडे पाण्याबरोबर वाहत राहतात.

हवाईची गोष्ट निराळी. तिथल्या प्रवाळांच्या भोकांत पूर्वी ‘स्यूडोस्क्विला सिलिअॅटा’ ही भोसकणारी जात राहत असे. 1950च्या दशकात ठोसेवाला तिथे दिसू लागला आणि 1968 मध्ये किन्झी यांनी नोंदवले, की त्याने सिलिअॅटाला मेलेल्या प्रवाळांतून हुसकावले आहे. महायुद्धानंतर प्रशांतातून ओढत आणलेल्या काँक्रीटच्या तराफ्यांच्या भेगांत बसून तो आला असावा, असा एक तर्क आहे. 1981 मध्ये मॅनिंग आणि रीका यांनी या हवाईयन प्राण्याला ‘अलोहा’ असे गोड नाव देऊन स्वतंत्र जात केले. ‘अलोहा’ स्वागताला म्हणतात तसे निरोपालाही म्हणतात, आणि 1984 मध्ये किन्झी यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात नेमकी हीच कोटी केली. आज अलोहा हे फाल्केटसचेच पर्यायी नाव गणले जाते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर येणारा, हाताळताना बोटे कापणारा प्राणी फाल्केटस नव्हे. तो बहुधा ‘मियाकेला नेपा’ असतो. जुन्या पुस्तकांत तो ‘ओरॅटोस्क्विला नेपा’ म्हणून सापडेल. त्याचे कुल स्क्विलिडी, वस्ती गाळात, आणि शिकारी पायाला हातोड्याऐवजी दातांची रांग. फाल्केटसला भोके असलेला प्रवाळ लागतो. आपला किनारा बहुतांशी चिखलाचा आणि वाळूचा, प्रवाळ आहे तो मालवणजवळ थोडाफार.