मानववंशशास्त्राची पदवी : कमाई किती, कर्ज किती?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे तत्कालीन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी ऑक्टोबर २०११मध्ये, राज्याला आणखी मानववंशशास्त्रज्ञांची फारशी गरज नाही, असे मत व्यक्त केले होते. सरकारी पैसा विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यावर बरीच टीका झाली. या विषयाची पदवी कर्ज काढून घेणे परवडते का, हा प्रश्न मात्र तेव्हापासून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर विषयाच्या नावापेक्षा कर्जाच्या आकड्यात अधिक सापडते.

कमाईचे चित्र

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३च्या आकडेवारीनुसार मानववंशशास्त्रज्ञ व पुरातत्त्वज्ञ यांच्या वार्षिक वेतनाचा मध्यक ६३,८०० डॉलर होता. म्हणजे निम्म्या लोकांना याहून अधिक आणि निम्म्यांना याहून कमी वेतन मिळत होते. हा आकडा दिलासादायक वाटला, तरी तो फसवा ठरू शकतो. संपूर्ण देशात अशी पदे दहा हजारांहूनही कमी आहेत आणि त्यासाठी सहसा पदव्युत्तर पदवी लागते.

केवळ पदवीवर थांबणारे बहुसंख्य विद्यार्थी अन्य क्षेत्रांत जातात. संग्रहालये, सार्वजनिक आरोग्य, स्वयंसेवी संस्था, मनुष्यबळ विभाग आणि बाजार संशोधन ही त्यांपैकी काही. अमेरिकेत पुरातत्त्व ही मानववंशशास्त्राचीच शाखा मानली जाते. १९६६च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्यामुळे केंद्र सरकारचा निधी वा परवाना असलेल्या प्रकल्पांचा ऐतिहासिक स्थळांवर होणारा परिणाम आधी विचारात घ्यावा लागतो. त्यातून खासगी सर्वेक्षण संस्थांमध्ये रोजगार निर्माण झाला. तथापि, सुरुवातीची अनेक कामे हंगामी किंवा कंत्राटी असतात. संगणक उद्योगानेही या विषयाची दखल घेतली आहे. इंटेल कंपनीने १९९८मध्ये जेनेव्हिव्ह बेल या मानववंशशास्त्रज्ञ महिलेची नेमणूक केली, ती लोक तंत्रज्ञान प्रत्यक्षात कसे वापरतात हे जाणून घेण्यासाठी.

कर्जाचे गणित

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी केंद्र सरकारकडून एकूण ३१,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळते. पहिल्या वर्षी ही मर्यादा ५,५०० डॉलर असते. २०२५-२६चा ६.३९ टक्के व्याजदर सर्व रकमेला लागू धरला आणि शिक्षणकाळातील व्याज बाजूला ठेवले, तर दहा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ३५० डॉलर येतो. वर्षाला ४०,००० डॉलर मिळवणाऱ्यासाठी हा करपूर्व उत्पन्नाचा साधारण साडेदहा टक्के हिस्सा होतो. काटकसर करावी लागेल, पण हप्ता झेपेल.

खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,५०० डॉलर याप्रमाणे दोन वर्षांत ४१,००० डॉलर कर्ज काढल्यास, २०२५-२६च्या ७.९४ टक्के दराने आणखी सुमारे ४९६ डॉलरचा हप्ता पडतो. एकूण कर्ज ७२,००० डॉलर, तर मासिक हप्ता सुमारे ८४६ डॉलर. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित वेतनापेक्षा अधिक नसावे, ही सर्वपरिचित कसोटी येथे मोडते. कारण हे कर्ज या पेशातील मध्यक वेतनाहूनही मोठे आहे आणि नवख्याला तेवढेही वेतन मिळण्याची शक्यता कमीच. म्हणजेच ज्या पदवीमुळे या पेशाचे दार उघडते, तीच कर्जाचा तोल बिघडवते. शिक्षण अर्धवट सोडणाऱ्याची स्थिती तर याहून बिकट होते. कर्ज राहते, पदवी हाती येत नाही.

सवलती आणि मर्यादा

सरकारी कार्यालय किंवा पात्र सेवाभावी संस्थेत नोकरी करणाऱ्यांसाठी २००७च्या कायद्याने सवलत दिली आहे. नियमांत बसणारे १२० मासिक हप्ते भरल्यावर केंद्रीय कर्जाची उर्वरित रक्कम माफ होते. याउलट, सरसकट कर्जमाफीची बायडेन प्रशासनाची योजना सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये रद्द केली. त्यामुळे भावी माफीच्या भरवशावर कर्ज वाढवणे धोक्याचे आहे. पीएचडीसाठी अनेक विद्यापीठे शुल्क माफ करून विद्यावेतन देतात; तेथे किंमत मोजावी लागते ती कमाईविना जाणाऱ्या वर्षांची. २०२५च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ कर्ज बंद करण्याची आणि पदव्युत्तर केंद्रीय कर्जाला एकूण १ लाख डॉलरची मर्यादा घालण्याची तरतूद आहे.

मराठी विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना अमेरिकेचे केंद्रीय कर्ज मिळत नाही. येथील बँकेचे किंवा खासगी कर्ज घ्यावे लागते आणि वरील माफीही लागू होत नाही. पदवीनंतर प्रशिक्षणासाठी नोकरीची मुभा साधारणपणे एक वर्षाची असते. त्यानंतर मायदेशी परतल्यास डॉलरमध्ये झालेल्या खर्चाची फेड रुपयांतील पगारातून करावी लागते. दुसरीकडे, हा विषय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही शिकवला जातो. ‘नेट’ परीक्षेत या विषयात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यांना जानेवारी २०२३पासून दरमहा ३७,००० रुपयांचा दर लागू झाला.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी चार आकडे कागदावर मांडावेत : शिक्षणाचा एकूण खर्च, शिष्यवृत्तीची रक्कम, अपेक्षित पहिला पगार आणि कर्जाचा मासिक हप्ता. विषयाची आवड हे प्रवेशाचे सबळ कारण आहे. मोठ्या कर्जाचे समर्थन मात्र केवळ आवडीने होत नाही.