टॉमच्या मालकिणीचा चेहरा

टॉमला झाडूने बडवणारी बाई आठवते का? जाडजूड पाय, सपाता, एप्रन आणि घर हादरवणारा आवाज. कंबरेच्या वर तिचं फारसं काही दिसायचंच नाही. मला लहानपणी वाटायचं, मांजर-उंदराच्या उंचीवरून जग असंच दिसत असणार. ते खरंही आहे, पण तेवढंच नाही.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांची ‘पस गेट्स द बूट’ ही फिल्म फेब्रुवारी १९४०मध्ये आली. तिच्यात टॉमचं नाव अजून जॅस्पर आहे. बाई मात्र तेव्हापासूनच आहे. आता आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर, असा दम त्याला भरते. त्याच महिन्यात ‘गॉन विथ द विंड’मधल्या मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं आणि त्या समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं गेलं. हॉलिवूडला काळी बाई चालायची ती अशीच: लठ्ठ, खणखणीत आवाजाची, गोऱ्यांच्या घरात राबणारी. कार्टूनवाल्यांनी तिचा चेहराही काढून घेतला. आज ती ‘मॅमी टू शूज’ म्हणून ओळखली जाते.

आवाज लिलियन रँडॉल्फचा. ही रेडिओवरची नावाजलेली नटी. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्येही ती आहे, अर्थात घरकाम करणारी बाई म्हणूनच. टॉम अँड जेरीच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.

तरीही १९५०ची ‘सॅटर्डे इव्हनिंग पस’ बघा. शनिवारची रात्र. बाई स्वतःच्या खोलीत नटते, दागिने चढवते आणि ब्रिज खेळायला बाहेर पडते. म्हणजे तिला मैत्रिणी आहेत, हौस आहे, सुट्टीची संध्याकाळ आहे. मग हे घर तिचंच तर नसेल? चाहते यावर अजून वाद घालतात. मला तर ती घरमालकीणच वाटते. (टॉमच्या टूडल्सला यातलं काहीच नाही. ती नुसती सुंदर दिसते.)

१९५२च्या ‘पुश-बटन किटी’मध्ये बाई आळशी टॉमच्या जागी यांत्रिक मांजर आणते. त्यानंतर तीच दिसेनाशी झाली. १९५८च्या ‘टॉट वॉचर्स’मध्ये फोनवर गप्पा मारत बसणारी, बाळाकडे ढुंकूनही न बघणारी बेबीसिटर आहे. तीही एक साचाच, पण गोरी. तिचा चेहरा व्यवस्थित दिसतो.

१९६०च्या दशकात या फिल्म टीव्हीवर दाखवायच्या, तर काळी मोलकरीण अडचणीची ठरली. चक जोन्सच्या चमूने काही फिल्ममध्ये तिच्या जागी गोरी बाई काढली. काही ठिकाणी जून फोरेने आयरिश ढंगात आवाज दिला. गंमत बघा, अमेरिकेत आयरिश मोलकरीण हाही जुनाच विनोद! म्हणजे कामवाली तशीच राहिली, फक्त वंश बदलला. ‘सॅटर्डे इव्हनिंग पस’मध्ये तर ब्रिजला जाणारी बाईच गेली; तिच्या जागी एक सडपातळ गोरी तरुणी नाचायला जाते. अपमान पुसायला निघालेल्यांनी नेमकी तिची सुट्टीच पुसली. पुढे १९९०च्या दशकात थिया व्हिडेल या काळ्या अभिनेत्रीने नव्याने आवाज दिला. तेव्हा बोलण्याचा जुना, खिल्ली उडवणारा ढंग गेला, पण त्याबरोबर रँडॉल्फचा आवाजही गेला.

मूळ ‘सॅटर्डे इव्हनिंग पस’ सापडली तर शेवटाकडे बाई ब्रिज सोडून रागाने घराकडे धावत सुटते तो भाग फोनवर लावा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. क्षणभर, डोळ्याचं पातं लवेपर्यंत, तिचा चेहरा दिसतो.